हवा सोडायची कुठून? बीसीडीच्या डंप व्हॉल्व्हविषयी

बीसीडी विकत घ्यायला निघालेला माणूस आधी खिसे बघतो. मग रंग, मग वजन, मग विमानाच्या बॅगेत बसेल का ते. हवा बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह किती आहेत, कुठे आहेत, त्यांची दोरी कुठल्या हाताला येते, हे विचारणारा मला क्वचित भेटतो. मी मात्र नवं जॅकेट हातात आलं की उलटसुलट करून आधी तेच बघते. मालवणात मी डाइव्ह गाइडचं काम करते. जून लागला, बोटी वर ओढल्या, की आमची आणि ओळखीपाळखीच्या लोकांची जॅकेटं माझ्या पडवीत येऊन पडतात. ऑगस्ट सरेपर्यंत ती एकेक करून उघडायची, धुवायची, तपासायची. या सगळ्या सामानात माझा जीव सगळ्यात जास्त कशात गुंतला असेल तर तो या डंप व्हॉल्व्हमध्ये. म्हणून आज त्यांच्याबद्दल सलग लिहायला बसले आहे.

ज्यांनी डायव्हिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीसीडी म्हणजे सिलिंडर पाठीवर धरून ठेवणारं, आत हवेची पिशवी असलेलं जॅकेट. पिशवीत हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो, बेताची ठेवली की पाण्यात अधांतरी राहतो. बहुतेक जॅकेटांत सिलिंडरची हवा भरायला वाट एकच: डाव्या खांद्यावरून पुढे येणारी वळ्यांची नळी आणि तिच्या टोकाला असलेला इन्फ्लेटर. सोडायला मात्र बऱ्याच जॅकेटांत तीन-चार वाटा असतात. इन्फ्लेटरवरचंच दुसरं बटण ही एक. काही जॅकेटांत ती नळी खाली ओढली की डाव्या खांद्यावरचा व्हॉल्व्ह उघडतो, ही दुसरी. उजव्या खांद्यावर दोरीने उघडणारा व्हॉल्व्ह, ही तिसरी. आणि पाठीमागे कमरेजवळ, एका किंवा दोन्ही बाजूंना, तसाच दोरीचा व्हॉल्व्ह. हे दोरीचे व्हॉल्व्ह स्प्रिंगवर बंद राहतात आणि त्यांतला निदान एक दुहेरी काम करतो. पिशवी प्रमाणाबाहेर फुगली तर तो आपणहून उघडतो आणि पिशवी फाटू देत नाही.

भरण्यापेक्षा सोडण्याला मी एवढं महत्त्व का देते, ते आकड्यांतच सांगितलेलं बरं. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. समजा २० मीटरवर तुमच्या पिशवीत ३ लिटर हवा आहे. काहीही न सोडता तुम्ही वर निघालात तर १० मीटरवर ती साडेचार लिटर होते, ५ मीटरवर ६ आणि पृष्ठभागावर ९. एक लिटर हवा ढोबळमानाने एक किलो वजन उचलते. म्हणजे ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला, वर येताना थोडं थांबायच्या टप्प्याला, पोचेपर्यंत तीन किलोची जादा ओढ तुम्हाला वर खेचत असते. ओढ वाढली की वेग वाढतो, वेग वाढला की हवा आणखी लवकर फुगते. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आसपास ठेवायचा असं आम्ही सगळे शिकतो आणि शिकवतो, पण हातात हवा सोडायची सोपी वाट नसेल तर तो वेग पाळायचा कसा?

आणि यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. "इथे काय, सात-आठ मीटरच पाणी आहे." मालवणात हे वाक्य रोज कानावर येतं. पण ३० मीटरवरून २० मीटरवर आलं तर हवा फक्त एक तृतीयांशाने फुगते, आणि १० मीटरवरून वर आलं तर दुप्पट होते. उथळ पाण्यातच हवा सगळ्यात जास्त उड्या मारते. शिवाय घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो, आणि भरल्या फुफ्फुसांनी श्वास रोखून दीड मीटर वर जाणंही इजा करायला पुरेसं असतं. म्हणून उथळ डाइव्हच्या जॅकेटाला बरा-वाईट व्हॉल्व्ह चालेल, हे मला अजिबात पटत नाही. तिथेच तो सगळ्यात चोख हवा.

आता व्हॉल्व्ह कुठे असावा? हवा नेहमी पिशवीच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात जाऊन बसते. व्हॉल्व्ह त्या कोपऱ्यात असेल तर दोरी ओढताच हवा भसकन बाहेर पडते. व्हॉल्व्ह खालच्या अंगाला असेल तर कितीही ओढा, हवा जागची हलत नाही, उलट पाणी आत येतं. एवढंच याचं शास्त्र आहे, आणि निवडीचे बाकी सगळे निर्णय यातूनच निघतात. तुम्ही उभ्याने वर येत असाल तर खांदा सगळ्यात उंच, म्हणजे खांद्यावरचा व्हॉल्व्ह कामाचा. तुम्ही आडवे, माशासारखे पोहत असाल तर पाठ आणि कंबर वर असते. मग मागचा व्हॉल्व्ह; डोकं जरासं खाली केलं, ती बाजू किंचित वर उचलली आणि दोरी ओढली की झालं. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत एखादा अडकला, तर मागच्या व्हॉल्व्हशिवाय त्याला दुसरी वाट नाही. म्हणून जॅकेट घेताना मी आधी विचारते, "तुम्ही पाण्यात कसे असता?" बहुतेकांना या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसतं. त्यांना एखाद्याने पाण्याखाली काढलेला त्यांचा व्हिडिओ बघायला सांगते. अर्ध्या मिनिटाचा असला तरी पुरतो.

विंग म्हणजे हवेची पिशवी फक्त पाठीमागे असलेली बीसीडी. ती वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. विंगची पिशवी गोल, म्हणजे खालून जोडलेली आहे, की घोड्याच्या नालासारखी खाली तुटलेली? गोल विंगेत हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला खालूनही जाऊ शकते. नालेच्या आकारात ती फक्त वरून, मानेमागून फिरते. व्हॉल्व्ह डावीकडे आणि हवा उजव्या टोकात अडकलेली, असं झालं की आधी डोकं वर करून हवा मानेमागे आणावी लागते, मग डावी बाजू वर उचलून ती डावीकडे न्यावी लागते. सवयीने जमतं. पण शिकाऊ माणसाला विंग घ्यायची असेल तर मी गोल विंगच सुचवते.

माझी स्वतःची गरज याहून थोडी वेगळी आहे. कोर्स न केलेले पाहुणे आमच्याबरोबर पहिल्यांदाच पाण्याखाली येतात. त्यांच्या जॅकेटातली हवा तेव्हा मीच भरते, मीच सोडते. मी त्यांच्या मागे, थोडी वर, एका हाताने सिलिंडरची मान धरून असते. पाहुणा पालथा असला की त्याच्या कमरेमागचा व्हॉल्व्ह माझ्या नजरेसमोर असतो आणि पिशवीतली हवाही तिथेच गोळा झालेली असते. मला फक्त दोन बोटं पुढे करायची असतात. इन्फ्लेटर हातात घेऊन त्याच्या खांद्यावर उचलत बसले तर तेवढ्या वेळात माणूस मीटरभर वर गेलेला असतो. म्हणून पाहुण्यांचं जॅकेट घेताना मागे दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असलेलंच घ्यावं, या मताची मी आहे, चार पैसे जास्त गेले तरी. त्या व्हॉल्व्हच्या दोरीला कारखान्यातून येते ती गोटी बहुतेक वेळा काळी असते. काळ्या जॅकेटावर काळी गोटी आमच्या गढूळ हिरव्या पाण्यात दिसतच नाही. लाल रंग तर थोड्याच खोलीवर काळपट दिसायला लागतो. आमच्या जॅकेटांना मी सगळीकडे भडक पिवळ्या गोट्या बसवून घेतल्या आहेत. मोडिफिकेशन म्हणावं असं ते कामसुद्धा नाही, जुनी गाठ सोडून नवी मारायची, पण पाण्याखाली त्याचा फरक फार पडतो.

गोटीच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट माझ्या दृष्टीने रंगापेक्षा गंभीर आहे. बऱ्याच जॅकेटांत शिशाची वजनं कमरेजवळच्या खिशांत असतात आणि ती टाकून द्यायची मूठही तिथेच आसपास असते. डंपच्या दोरीची गोटी आणि वजनाची मूठ हाताला सारखी लागत असेल, तर गडबडीत एकाऐवजी दुसरी ओढली जाऊ शकते. हवा सोडायला गेलात आणि वजनं सोडलीत, तर तुम्ही सरळ वर उडालात. म्हणून डोळे मिटून, ग्लोव्हज घालून, दोन्हींना हात लावून बघायचा. फरक तत्काळ कळला नाही तर गोटी बदलायची. मी चपटी, मधोमध भोक असलेली, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी गोटी लावते. वजनाच्या मुठीशी ती कुठूनही जुळत नाही.

दोरीची लांबी हा मोठा वादाचा विषय. कंपनीची दोरी सगळ्या अंगकाठ्यांना पुरावी म्हणून लांब दिलेली असते. आमच्याकडे खडकांत जुन्या जाळ्यांचे तुकडे अडकलेले असतात. पातळ नायलॉन पाण्यात दिसत नाही, आणि लोंबणारी दोरी, टोकाला गोटी, म्हणजे त्याला आयतं बोलावणंच. आमच्या तांडेलमामांनी एकदा पडवीत येऊन ती नुसती हातात धरून बघितली आणि म्हणाले, "गो बाय, ही जाळ्यात अडाकतली."

"मगे किती ठेवू?"

"चार बोटां पुरे."

चार बोटं म्हणजे सात-आठ सेंटीमीटर. माझ्या स्वतःच्या विंगला मी तेवढीच ठेवली आहे आणि गुहा किंवा बुडालेल्या जहाजांत जाणारे डायव्हरही दोरी आखूडच ठेवतात. जाळ्यात दोरी अडकली आणि तुम्ही पुढे पोहत राहिलात, तर व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा निघून जाते आणि तुम्ही खाली बसता. पण पाहुण्यांच्या जॅकेटांना मी तेवढी आखूड करत नाही, कारण तिथे ओढणारा हात माझा असतो आणि मला ती घाईत, कुठल्याही कोनातून सापडायला हवी. तिथे जरा लांब दोरी ठेवते आणि गोटी जॅकेटाच्या कडेला रबराच्या छोट्या फासात अडकवते. ओढली की अलगद सुटते, एरवी लोंबत नाही.

दोरी बांधताना होणारी एक चूक मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी जॅकेटांत ती दिसते. लांबी मोजायची ती पिशवी पूर्ण फुगवून. रिकाम्या पिशवीवर मोजून दोरी कुठेतरी कडीत अडकवली, तर पिशवी फुगल्यावर व्हॉल्व्ह दूर सरकतो, दोरी ताणली जाते आणि व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो. मग मालक म्हणतो व्हॉल्व्ह गळतो. बिचारा व्हॉल्व्ह ठणठणीत असतो. दुसरं म्हणजे दोरी शक्यतो व्हॉल्व्हच्या तोंडासमोर सरळ ओढली जावी. फार तिरकी ओढ बसली की आतली चकती एका बाजूनेच उचलली जाते, आणि परत बसताना कधी कधी वाकडी बसते.

आता डाव्या खांद्यावरच्या त्या केबलवाल्या व्हॉल्व्हबद्दल. नळीच्या आतून एक बारीक केबल जाते. इन्फ्लेटर धरून नळी खाली ओढली की केबल वरचा व्हॉल्व्ह उघडते. टेक्निकल डायव्हिंग, म्हणजे खूप खोल किंवा गुहा-जहाजांच्या आत जाणारं डायव्हिंग, करणाऱ्यांना हा प्रकार आवडत नाही. नळी पिशवीला जोडणारा कोपराच्या आकाराचा तुकडा म्हणजे एल्बो; ते तो साधा, बिनव्हॉल्व्हचा बसवतात. त्यांचं कारण योग्य आहे: एका नाजूक प्लास्टिकच्या जोडावर माणूस पुन्हापुन्हा ओढ देत राहतो, आणि तो जोड निखळला तर पिशवी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. माझ्या विंगलाही साधाच एल्बो आहे. पण हा नियम म्हणून सगळ्यांना सांगत फिरणं मला मान्य नाही, आणि त्याचं कारण पुण्याच्या एक बाई.

पन्नाशी ओलांडलेल्या, कोर्स केलेल्या, डॉक्टरांचं पत्र बरोबर घेऊन आलेल्या. डावा खांदा फ्रोझन शोल्डरने धरलेला. बरंच बरं झालं होतं, पण हात खांद्याच्या रेषेवर जात नव्हता आणि मागे कमरेकडेही वळत नव्हता. स्वतःची विंग घेऊन आल्या होत्या. तिला साधा एल्बो, आणि मागचा व्हॉल्व्ह एकच, डावीकडे. म्हणजे हवा सोडायच्या दोनच वाटा. एकीसाठी डाव्या हाताने इन्फ्लेटर खांद्याच्या वर धरायचा. दुसरीसाठी डावा हात पाठीमागे न्यायचा. दोन्ही त्यांना बंद. विकणाऱ्याने त्यांना उत्तम दर्जाची विंग दिली होती, त्यात खोट काहीच नव्हती, फक्त ती त्यांच्या खांद्यासाठी नव्हती.

आम्ही पडवीत विंग फुगवून त्यांना चढवली आणि हात कुठे कुठे पोचतो ते बघितलं. छातीसमोरून खाली ओढायला त्यांना काहीच त्रास नव्हता. म्हणजे टेक्निकलवाले काढून टाकतात तोच केबलचा एल्बो यांना हवा होता. त्याच कंपनीचा एल्बो मागवला. सुटे भाग यायला वेळ लागतो, तोवर त्या पुण्याला परत गेल्या आणि पुढच्या खेपेला आल्या. कंपनी तीच का, तर आटे. वरवर बघता सगळ्या कंपन्यांचे जोड सारखे दिसतात. व्यासही जवळपास तोच. पण आट्यांची चाल वेगळी असली की झाकण दोन फेरे सुरळीत जातं आणि तिसऱ्याला अडतं. तिथे जोर लावला की प्लास्टिकचे आटे कापले जातात, आणि पिशवीला चिकटवलेल्या बाजूचे आटे गेले तर अख्खी पिशवी गेली. शिवाय वायसरची जाडी, तो बसतो त्या खाचेची खोली, हेही जुळावं लागतं. हातानेच फिरवायचं, हाताने घट्ट होईल तेवढंच. पाना लावायचा नाही.

केबलचं एक महत्त्वाचं माप असतं. नळी ताणली जाण्याआधी केबल ताणली गेली पाहिजे. केबल नळीपेक्षा लांब पडली तर ओढ सगळी नळीवर आणि एल्बोच्या जोडावर येते, व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि माणूस आणखी जोरात ओढतो. बाईंच्या विंगवर त्यांच्या उंचीला म्हणून लांब नळी होती. ती काढली आणि एल्बोबरोबर आलेली, त्या केबलला जुळणारी नळी बसवली. नळीची दोन्ही टोकं नवीन पट्ट्यांनी आवळली. मग पिशवी फुगवून इन्फ्लेटरला बोटाने हलकेच खाली ओढलं. नळीच्या वळ्या उघडायला लागल्या आणि त्या पुरत्या ताणायच्या आत खांद्यावरून फस्स आवाज आला. हवं होतं तेच.

समुद्रात नेण्याआधी तरणतलावात उतरलो. तिथे खोल बाजूला त्या उभ्या राहिल्या, मी थोडी हवा भरली, त्यांचे पाय तळावरून सुटले. त्यांनी डावा हात छातीशीच ठेवून नळी खाली ओढली. खांद्यावरून बुडबुड्यांचा झोत निघाला आणि पाय परत टेकले. वर आल्यावर तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाला देणारं यंत्र, काढून पहिलं वाक्य, "अगं, हात वर न्यावाच लागला नाही!" मग तासभर त्या तेच करत होत्या. भरायची, ओढायची, भरायची, ओढायची. पुढे समुद्रात त्या उभ्यानेच वर येतात, कारण त्यांचा व्हॉल्व्ह खांद्यावर आहे आणि तोच कोपरा उंच हवा.

इन्फ्लेटरमध्येच पर्यायी रेग्युलेटर असलेला प्रकारही मिळतो, स्कूबाप्रोचा एअर-टू त्यांपैकी सगळ्यात ओळखीचा. एक नळी कमी होते, सुटसुटीत असतं. पण जोडीदाराला आपला मुख्य रेग्युलेटर दिला की आपण त्या इन्फ्लेटरमधूनच श्वास घेत असतो, म्हणजे तो तोंडात. तो उंच धरून हवा सोडता येत नाही. नेमक्या त्याच वेळी दोघांना मिळून वर यायचं असतं. ज्यांच्याकडे असा इन्फ्लेटर आहे त्यांच्या उजव्या खांद्यावर किंवा मागे दोरीचा व्हॉल्व्ह हवाच, आणि तो वापरायचा सराव हवा. ॲक्वालंगच्या आय-थ्री प्रकारात डाव्या कमरेजवळ एकच खटका असतो, वर केला की हवा भरते, खाली केला की निघते. वापरायला छान आहे. पण उघडून दुरुस्त करायला घेतलं की आतली रचना साध्या जॅकेटापेक्षा बरीच गुंतागुंतीची निघते, आणि मालवणात बसून ती मला सोयीची नाही.

व्हॉल्व्ह उघडून आत बघणं हे काम मला मनापासून आवडतं. झाकण डावीकडे फिरवायचं, आतल्या स्प्रिंगवर अंगठा ठेवून, नाहीतर ती उडून पडवीच्या कौलांपर्यंत जाते. झाकण, स्प्रिंग, आणि रबराची कड असलेली चकती, दोरी त्याच चकतीला बांधलेली. एवढेच भाग. चकती उजेडात तिरकी धरायची. रबरावर सीटच्या, म्हणजे चकती टेकते त्या बैठकीच्या, कडेचा गोल वळ उमटलेला असतो. तो सगळीकडे सारखा असला तर चकती नीट बसते आहे. एका बाजूला खोल आणि दुसरीकडे पुसट असला तर ती वाकडी बसते आहे, किंवा दोरी तिरकी ओढली जाते आहे. त्या वळात एखादा वाळूचा कण रुतलेला सापडतो. पांढरा, साखरेच्या कणापेक्षाही बारीक. गळणाऱ्या व्हॉल्व्हचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं, वाळू नाहीतर वाळलेलं मीठ. गोड्या कोमट पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने झाडून, बोटाच्या टोकाला लागेल न लागेल इतकं सिलिकॉन ग्रीस फिरवायचं. जास्त ग्रीस लावलं की पुढची वाळू त्यालाच चिकटते. रबर कडक झालं असेल, नख दाबून खूण राहत असेल, तर चकती बदलायची.

स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही. दोरी हलकी ओढली जावी म्हणून स्प्रिंगचा एक वेढा कापणारे लोक मी बघितले आहेत, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी तसा विचार करत असेल तर हात जोडून सांगते, करू नका. त्या स्प्रिंगचा जोर आणि त्या पिशवीची ताकद यांचं गणित बनवणाऱ्याने जुळवलेलं असतं. स्प्रिंग मऊ झाली की लाटांत पृष्ठभागावर भरल्या पिशवीने थांबलेले असताना हवा हळूहळू निघून जाते, नेमकी तरंगण्याची गरज असते तेव्हा. दुसऱ्या जॅकेटाची ताठ स्प्रिंग घातली तर पिशवी फुगत जाते, व्हॉल्व्ह उघडत नाही, आणि शिवण किंवा वेल्डिंग सुटतं. दोरी, गोटी, फास, एल्बो, एवढ्यातच आपली कारागिरी. स्प्रिंग आणि सीट कंपनीची, तीही त्याच मॉडेलची.

साइडमाउंटवाल्यांचं जग वेगळं आहे. सिलिंडर पाठीवर नाही, दोन्ही कुशींना. साधी विंग उलटी करून, इन्फ्लेटरची नळी खालच्या भोकाला आणि डंप व्हॉल्व्ह वरच्या भोकाला, अशी अदलाबदल करून कितीतरी लोकांनी स्वतःची साइडमाउंट विंग बनवली. दोन्ही भोकांचे आटे सारखे असतील तरच ते जमतं. गोव्यातल्या एका मित्रासाठी तसं एक काम पडवीत चालू आहे. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे मागचा डंप माणसाच्या आडव्या अंगाच्या अगदी उंच जागी आणता येतो. त्याच्याबद्दल पुरता वापर झाल्यावर लिहीन.

काहीही बदल केला की मी दोन परीक्षा घेते. पहिली, जमिनीवर. सिलिंडर जोडून भरायचं बटण दाबून धरायचं, पिशवी टम्म होऊन व्हॉल्व्ह आपोआप फुसफुसायला लागला पाहिजे. बटण दाबलेलंच ठेवून एक दोरी ओढायची, पिशवी सैल पडायला लागली पाहिजे. इन्फ्लेटर अडकून आपोआप हवा भरत राहण्याचा प्रकार घडू शकतो. तेव्हा नळीचा जोड काढेपर्यंत येणाऱ्या हवेपेक्षा जाणारी हवा जास्त हवी. दुसरी परीक्षा रात्रीची. पिशवी फुगवून टांगून ठेवायची आणि सकाळी दाबून बघायची. पावसाळ्यात रात्री गारवा पडतो, तेवढ्यानेही पिशवी थोडी मऊ लागते, त्याला गळती समजून लगेच व्हॉल्व्ह उघडू नका. शंका आली तर पिंपात बुडवून बुडबुडे शोधायचे.

हंगामात बोटीवर माझा एक डबा असतो. त्यात आमच्या जॅकेटांना बसणाऱ्या दोन चकत्या, वायसर, एक पूर्ण डंप व्हॉल्व्ह, दोन मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी, लायटर, आणि पिवळ्या गोट्या. तरी बोटीवर मी गोटी बांधण्यापलीकडे काही करत नाही. लाटांत स्प्रिंग हातातून सुटली की समुद्रातच जाते, आणि घाईत बसवलेलं झाकण वाकडं बसतं. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक पाहुण्याच्या जॅकेटात हवा भरून त्याच्या कानाशी एकेक दोरी ओढते, त्यालाही इन्फ्लेटरचं सोडायचं बटण दाबायला लावते. फस्स ऐकू आलं आणि दोरी सोडताच थांबलं, तर पुढे. एखादा व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला तर ते जॅकेट बोटीवरच राहतं, त्यासाठी एक जास्तीचं बरोबर आणलेलं असतं.